मनातले मांडे आणि बर्फातली गाडी: 'आय ॲम थिंकिंग ऑफ एन्डिंग थिंग्ज' कसा उलगडायचा

चार्ली कॉफमनचा हा सिनेमा सप्टेंबर २०२० मधे नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा सगळे घरात अडकलेले होते, आणि तेव्हापासून मी ज्याला त्याला बघायला सांगत सुटलेय. परत येणारा मेसेज जवळपास एकच असतो, "बघितला गं, पण शेवट काय होता ते कळलंच नाही". मग ती मंडळी शेवट समजावून सांगणारा एखादा व्हिडिओ बघतात, उत्तर मिळतं, अच्छा असं होतं होय म्हणतात आणि विषय संपतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण उत्तर मिळालं की या सिनेमातलं काहीच हाती लागत नाही, ते उत्तर हातात घेऊन परत आत शिरावं लागतं, आणि ते कसं शिरायचं तेवढंच मला सांगायचंय. ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी प्लीज इथेच थांबा, आधी बघून या, कारण पुढच्या ओळीत मी सगळं सांगून टाकणार आहे.

तर उत्तर हे. ती मुलगी खरी नाही. तिला गाडीतून आईवडिलांच्या फार्महाऊसवर घेऊन जाणारा जेक हा आजचा जेक नाही. अधूनमधून जो म्हातारा शाळेच्या कॉरिडॉरमधे मॉप मारताना दिसतो ना, तोच जेक, आयुष्यभर एकटा राहिलेला, आणि हा सगळा प्रवास, ते जेवण, परतीचं हिमवादळ, हे त्याच्या डोक्यात चाललंय. फार पूर्वी एकदा एका बारमधे क्विझच्या रात्री त्याला एक मुलगी दिसली होती, तो तिच्याशी बोलला नाही, आणि बोललो असतो तर काय झालं असतं हे तो म्हातारपणी रचून बघतोय. इयन रीड या कॅनेडियन लेखकाच्या २०१६ च्या कादंबरीवरून सिनेमा घेतलाय, कादंबरी शेवटी हे बऱ्यापैकी उघड करते, कॉफमन करत नाही. बस, कोडं सुटलं. आता कामाला लागूया.

आपल्याकडे मनातले मांडे म्हणतात. मनातल्या मनात जेवायला बसलोय, पैसा लागत नाही, कष्ट नाहीत, मग मांड्यावर तूप आणि साखर हवी तेवढी घ्यावी ना माणसाने? हा प्रश्न डोक्यात ठेवून सिनेमा बघायचा, माझी पूर्ण पद्धत या एकाच प्रश्नावर उभी आहे. जेकने स्वतःसाठी एक गर्लफ्रेंड कल्पिली, हुशार, देखणी, कवितेपासून फिजिक्सपर्यंत सगळं येणारी. आणि पहिल्या मिनिटापासून तिच्या डोक्यात काय चाललंय? तर, याला सोडून द्यावं. शीर्षकाचं वाक्य तिचं आहे, हे संपवून टाकायचा विचार करतेय. म्हणजे या माणसाने मनातले मांडेसुद्धा कोरडे खाल्ले! त्याच्या स्वतःच्या कल्पनेतली बाईदेखील त्याच्याजवळ राहायला तयार नाही, कारण कोणी आपल्याजवळ राहील यावर त्याचा विश्वासच बसत नाही. हे मला तिसऱ्या वेळी बघताना लक्षात आलं आणि मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ गॅलरीत जाऊन बसले होते.

पहिल्यांदा बघताना नोट्स वगैरे अजिबात काढू नका. सिनेमा १३४ मिनिटांचा आहे, रात्री, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा, आणि इंग्लिश सबटायटल्स लावाच, कितीही चांगलं इंग्लिश कळत असलं तरी, कारण संवाद प्रचंड आहेत आणि वायपरच्या घरघरीत अर्धे तसेच निघून जातात. सुरुवातीचा गाडीतला सीन वीसेक मिनिटं चालतो. मी पहिल्यांदा त्याच्या मधेच पॉज करून चहा टाकायला उठले होते आणि ती चूक होती, कारण तो सीन लांबवलाय तो मुद्दाम, तुम्हाला त्या गाडीतून उतरावंसं वाटलं पाहिजे, तिलाही तेच वाटतंय. फ्रेमसुद्धा जुन्या टीव्हीसारखी चौकोनी आहे, चारास तीन, छायाचित्रण वुकाश झाल या पोलिश माणसाचं, आणि त्या चौकोनात बाजूला बघायला जागाच उरत नाही, दोन चेहरे, काच, काचेवर बर्फ. या पहिल्या वेळी फक्त एवढंच करा की जिथे अस्वस्थ वाटलं, जिथे "हे काय होतं मधेच" असं झालं, त्या जागा मनात ठेवा. त्या लिहून काढायच्या त्या सिनेमा संपल्यावर, आठवतील तेवढ्याच. आठवून लिहिलेलं मुद्दाम म्हणतेय, कारण सिनेमा स्मृतीबद्दल आहे आणि तुमची स्वतःची स्मृती त्यातलं काय धरून ठेवते, काय बदलते, हे तुम्हाला पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसऱ्यांदा बघताना वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे "काय बदललं", उजवीकडे "हे कुठून आलं". डावी बाजू पटापट भरते. तिचं नाव लूसी, मग लुईसा, मग एम्स. ती व्हायरसवर पेपर लिहिणारी, मग क्वांटम फिजिक्सवाली, मग चित्रकार, मग म्हाताऱ्यांच्या आजारांचा अभ्यास करणारी. कपडे बदलतात, स्वेटरचा रंग बदलतो, आणि ती स्वतः याबद्दल एका शब्दानेही बोलत नाही. जेवणाच्या टेबलावर जेकची आई मध्यमवयीन, थोड्या वेळाने थकलेली म्हातारी, मग एकदम तरुण, मग अंथरुणाला खिळलेली. वडील मधेच विसराळू झालेले, खोल्यांवर लेबलं चिकटवलेली. कुत्रा अंग झटकायला लागतो तो थांबतच नाही, आणि त्याच घरात त्या कुत्र्याच्या अस्थींचा कलश आहे. बऱ्याच जणांना वाटतं की हे भीतीसाठी केलंय. पण जरा आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाला आठवून बघा, माझ्या आजीला आठवताना मला ती कधीच एका वयाची दिसत नाही, पोळ्या लाटणारे भक्कम हात तिच्या साठीतले आणि त्यावरची सुरकुतलेली, सलाईनच्या जागी काळीनिळी पडलेली त्वचा शेवटच्या आठवड्यातली, हे दोन्ही एकाच वेळी दिसतं, वयानुसार लावून ठेवलेलं नसतं. जेकच्या डोक्यातही आईवडील असेच आहेत, सगळ्या वयांचे एकदम. म्हणून डाव्या बाजूला लिहिलेल्या प्रत्येक ओळीला चूक, कोडं, क्लू असं काही म्हणू नका, आधी आठवण म्हणून वाचून बघा, बऱ्याच ओळी तिथेच उलगडतात.

उजवी बाजू भरायला वेळ लागतो आणि खरी मजा तिथे आहे. ती मुलगी गाडीत एक कविता म्हणते, घरी परत येणं किती भयंकर असतं अशा अर्थाची, स्वतःची म्हणून म्हणते, आणि जेक म्हणतो की ही जणू माझ्यावरच लिहिलीये. नंतर ती जेकच्या लहानपणीच्या खोलीत जाते, तिथे एक कवितासंग्रह उघडा सापडतो, आणि त्यात तीच कविता छापलेली. कविता इव्हा एच. डी. या कॅनेडियन कवयित्रीची आहे. इथे पॉज करा आणि ती खोली नीट बघा. शेल्फवर पॉलीन केल या गाजलेल्या अमेरिकन समीक्षिकेचा जाडजूड संग्रह आहे, आणि परतीच्या गाडीत ती मुलगी एका जुन्या सिनेमावर जे लांबलचक बोलते, मधेच तिच्या हातात सिगरेट येते, आवाज बदलतो, बोलायची ढब बदलते, ते सगळं केलबाईंच्या १९७४ च्या परीक्षणातलं आहे. तिने वडिलांना फोनवर दाखवलेली निसर्गचित्रं राल्फ अल्बर्ट ब्लेकलॉक या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराची आहेत, ज्याच्या आयुष्याची शेवटची जवळजवळ वीस वर्षं बहुतांश मनोरुग्णालयात गेली, आणि खाली तळघरात त्याच चित्रांच्या नकला पडलेल्या असतात, सही जेकची. तळघरातल्या वॉशिंग मशीनमधून निघतात ते शर्ट शाळेच्या सफाई कामगाराच्या युनिफॉर्मचे.

म्हणजे काय झालं बघा. त्याच्याकडे बाई नव्हती, पुस्तकं होती. त्याने पुस्तकांची बाई केली. एका कवयित्रीचे शब्द, एका समीक्षिकेची मतं, एका चित्रकाराचं दुःख, वर्ड्सवर्थच्या कवितेतलं लूसी हे नाव, हे सगळं जोडून एक माणूस उभा केला. माझं ठाम मत आहे की सिनेमाचं विश्लेषण इथे येऊन "बघा किती संदर्भ आहेत" असं म्हणून थांबलं तर ते वाया गेलं. संदर्भ ओळखणं ही निम्मी पायरी. पुढचा प्रश्न विचारायचा की इतकं वाचलेला माणूस हे कोणाशी बोलत होता? आणि उत्तर येतं की कोणाशीच नाही. दिवसभर फरशा पुसून घरी यायचं, वाचायचं, आणि वाचलेल्यावर वाद घालायला समोर कोणी नाही म्हणून वाद घालणारी एक बाई कल्पायची, जी त्याच्याहून हुशार असेल, त्याला चूक ठरवेल. ज्यांनी गावात, एकट्याने, आजूबाजूला वाचणारं दुसरं कोणी नसताना खूप वाचलंय ना, त्यांना ही गोष्ट कोणी समजावून सांगायला लागणार नाही.

पुण्यात सतीश बहादूर सिनेमाचं रसग्रहण शिकवायचे तेव्हा 'पथेर पांचाली' तुकड्यातुकड्याने, परत परत दाखवायचे, हे त्या काळी शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. तीच सवय इथे लावून घ्या, आख्खा सिनेमा एकदम उलगडायला जाऊ नका, दोन मिनिटांचा एक तुकडा घ्या आणि तो झिजेपर्यंत बघा. मी दोन तुकडे सुचवते.

एक, भिंतीवरच्या फोटोचा. ती मुलगी जेकच्या घरात उभी आहे, भिंतीवर एका लहान मुलाचा फ्रेम केलेला फोटो, ती म्हणते ही तर मी आहे, हा माझा फोटो इथे कसा. जेक म्हणतो तो माझा आहे. ती परत बघते, तर फोटोत खरंच मुलगा. जेमतेम काही सेकंदांचा प्रकार. यात तिचा चेहरा बघा, जेसी बकलीने काय केलंय ते बघा, ती घाबरून ओरडत नाही, ती लाजल्यासारखी होते, चारचौघांत आपलं काहीतरी चुकलं की आपण होतो तशी. हा सीन आधी "ती म्हणजे तोच" याचा पुरावा म्हणून वाचायचा, आणि मग एक पाऊल पुढे जाऊन विचारायचं की ही बाई स्वतःचं बालपण शोधतेय आणि तिला ते सापडत नाहीये, कारण ते तिला कोणी दिलंच नाही. जेकने तिला डिग्र्या दिल्या, मतं दिली, बालपण द्यायचं राहून गेलं. कल्पनेतल्या माणसाची कणव यावी असा हा सीन आहे आणि सिनेमा तिची बाजू सोडत नाही, म्हणून मला हा सिनेमा निव्वळ एकाकी पुरुषाची कहाणी वाटत नाही.

दुसरा तुकडा जेवणाच्या टेबलावरचा, वडिलांचा प्रश्न. ती निसर्गचित्रं दाखवते, यात मला उदासी दाखवायची होती म्हणते, आणि डेव्हिड थ्यूलिसने केलेले ते वडील अगदी प्रामाणिकपणे विचारतात की चित्रात उदास माणूसच नाही तर चित्र उदास कसं दिसेल. लोक इथे हसतात. मी म्हणते की हा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण कॉफमनने त्याच टेबलावर सिनेमा कसा बघायचा ते सांगून ठेवलंय. शेतं, बर्फ, रिकामा रस्ता, जळक्या पडक्या घरासमोर उभा असलेला कोरा नवा झोपाळा, यातलं काहीच स्वतः उदास नाहीये, बघणारा उदास आहे. म्हणून प्रत्येक शॉटला विचारायचं, हे कोण बघतंय? अगदी सुरुवातीला ती रस्त्यावर गाडीची वाट बघत उभी असते तेव्हा वरच्या खिडकीतून एक म्हातारा खाली बघत असतो. गाडीत ती मनात विचार करते आणि जेक वळून विचारतो, काही म्हणालीस का? तिचा विचार त्याला ऐकू जातो. कुठे जाणार नाही तर, विचार त्याचाच आहे.

याच्याच जोडीला एक सवय लावा, कुठलंही पात्र काहीही बोललं की ते वाक्य म्हाताऱ्या जेकच्या तोंडी ठेवून बघायचं. आई त्याच्या हुशारीचं कौतुक करताना एक शब्द चुकीचा बोलते आणि जेक केवढा भडकतो, तो राग आत्ताचा नाहीच, चाळीस वर्षं जुना आहे. वादळात ते आइस्क्रीमच्या दुकानावर थांबतात, तिथे दोन मुली खिदळतात आणि तिसरी, जिच्या हातावर पुरळ आहे, हळूच सांगते की तुला पुढे जायलाच हवं असं नाही. या मुली त्याला शाळेत रोज दिसणाऱ्या मुलींसारख्याच आहेत. खिदळणाऱ्या त्याच्या पाठीमागे हसणाऱ्या, आणि तिसरी बहुतेक अशी एखादी जिच्यात त्याला स्वतःचा एकटेपणा दिसला असावा. "बहुतेक" मी जाणूनबुजून लिहिलंय, तुमच्या लिखाणातही हा शब्द जिथे लागेल तिथे वापरा, या सिनेमाबद्दल शंभर टक्के खात्रीने बोलणाऱ्यांपासून मी लांब राहते.

आता शाळेबद्दल. आमच्या शाळेत एक शिपाईमामा होते, घंटा द्यायचे, वर्ग झाडायचे, आणि स्नेहसंमेलनाच्या प्रॅक्टिस सुरू झाल्या की हॉलच्या दाराशी झाडूवर हनुवटी टेकवून उभे राहायचे. आम्ही नाच बसवायचो, ते बघत राहायचे, कधीकधी त्यांचे ओठ गाण्यावर हलायचे. दहा वर्षं मी त्या शाळेत होते आणि आज मला त्यांचं नाव आठवत नाही, आम्हाला ते कधी माहीत होतं का तेसुद्धा सांगता येत नाही. सिनेमात म्हातारा जेक हॉलमधे चाललेली 'ओक्लाहोमा!' या संगीतिकेची तालीम बघत उभा असतो तो शॉट आला आणि माझ्या पोटात कालवलं. हा माझा सीन आहे, तुमचा वेगळा असेल, पण असा एक सीन प्रत्येकाला सापडतो जिथे सिनेमा एकदम तुमच्या आयुष्यात हात घालतो, आणि विश्लेषण लिहायचं असेल तर तिथून सुरुवात करा, "हा सिनेमा एकाकीपणावर भाष्य करतो" असल्या वाक्याने करू नका, त्या वाक्यानंतर कोणी पुढे वाचत नाही.

शेवटची वीसेक मिनिटं सगळ्यात जास्त गोंधळवतात कारण तिथे एकदम बॅले सुरू होतो. इथे थोडी माहिती लागते. 'ओक्लाहोमा!' हे रॉजर्स आणि हॅमरस्टाईन जोडीचं १९४३ चं ब्रॉडवेवरचं नाटक, अमेरिकेतल्या शाळांत हे परत परत बसवलं जातं. त्यात लॉरी नावाची मुलगी, तिच्यावर प्रेम करणारा रुबाबदार कर्ली, आणि जड नावाचा शेतावरचा गडी, जो धुरकट खोलीत एकटा राहतो, भिंतीला बायकांची चित्रं लावतो आणि लॉरीची स्वप्नं बघतो. नाटकात लॉरीला एक स्वप्न पडतं आणि ते ॲग्नेस डी मिलने बॅलेतून मांडलं होतं, त्यात पात्रांच्या जागी त्यांच्यासारखे नर्तक येतात. कॉफमन हेच उचलतो. शाळेच्या कॉरिडॉरमधे जेक आणि त्या मुलीच्या जागी दोन देखणे नर्तक येतात, लग्न होतं, आणि मग सफाई कामगाराच्या वेशातला नर्तक येऊन त्या देखण्या जेकला मारतो. स्वतःला कर्ली समजून रचलेली गोष्ट, आणि शेवटी आतल्या जडने येऊन तिचा खून केला. शेवटी म्हातारा मेकअप केलेला जेक स्टेजवर जे गाणं गातो ते जडचं गाणं आहे, एकट्या खोलीचं, आणि १९५५ च्या हॉलिवूडच्या सिनेमातून ते गाळून टाकलं होतं. जडचं मन उघडं करणारं गाणंच वगळलेलं. कॉफमनने ते जेकला दिलं यापेक्षा अचूक निवड मला सुचत नाही.

पण बॅलेच्या आधीचा सीन घाईत निसटतो, तो सोडू नका. मुलगी जेकला शोधत शाळेत शिरते आणि तिला मॉप मारणारा म्हातारा भेटतो. ती जेकचं वर्णन करायला जाते आणि तिला तो आठवतच नाही. आमच्यात काही झालंच नव्हतं, म्हणते. मी माझ्या गर्लफ्रेंडबरोबर बारमधे आले होते, आमची ॲनिव्हर्सरी होती, आणि एक माणूस सारखा टक लावून बघत होता. त्याचं वर्णन विचारणं म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी चावलेल्या डासाचं वर्णन विचारण्यासारखं आहे. आता मघाची सवय वापरा, हे वाक्य म्हाताऱ्याच्या तोंडी ठेवा. तोच हे रचतोय! ज्या संध्याकाळीवर त्याने पूर्ण आयुष्याची कल्पना उभी केली, त्या संध्याकाळी तिच्या लेखी आपण एक डास होतो, हे तो स्वतःच तिच्याकडून वदवून घेतोय. आणि तरीही ती निघताना त्याचा निरोप घेते तो किती मायेने घेते ते बघा. एवढा एक तुपाचा थेंब त्याने स्वतःला दिला.

शब्दांबद्दल एक सांगायचंय, आपल्या भाषेचा इथे फायदा आहे. एकांत, एकटेपणा, एकाकीपणा, एकलकोंडेपणा, हे चार वेगळे शब्द आहेत आणि लिहिताना ते एकमेकांच्या जागी टाकू नका. एकांत माणूस मागून घेतो. एकटेपणा ही वस्तुस्थिती, घरात दुसरं कोणी नाही. एकलकोंडा हे इतरांनी लावलेलं विशेषण, जेकला शाळेतली पोरं हेच म्हणत असतील. एकाकी हे आतून वाटणं. जेक जेवणाच्या टेबलावर आईबाप आणि गर्लफ्रेंडबरोबर बसलेला असताना एकटा नाहीये, एकाकी आहे, आणि रात्री रिकाम्या शाळेत मॉप मारताना एकटा आहे पण मला तरी तिथे तो त्या टेबलापेक्षा कमी एकाकी वाटतो. एकेका सीनला यातला कुठला शब्द बसतो हे ठरवत गेलात तर तुमच्या लेखाचा निम्मा आराखडा तयार होतो.

सगळ्याचाच अर्थ लावत बसू नका हेही सांगते. सुरुवातीचे वॉलपेपरचे शॉट्स, फोनवर तेच तेच बोलणारा माणसाचा आवाज, यांना काय म्हणायचं हे मी अजून ठरवलेलं नाही आणि घाई नाहीये. उलट डुकराची ॲनिमेशन मला सिनेमातली सगळ्यात कच्ची जागा वाटते. लहानपणी जेकने बघितलेलं, पोटात अळ्या झालेलं जिवंत डुक्कर, ती गोष्ट तो गोठ्यापाशी उभा राहून सांगतो तेव्हा अंगावर येते, तेवढी पुरे होती, शेवटी तेच डुक्कर येऊन नशिबाबद्दल बोलायला लागतं तिथे कॉफमन स्वतः बोलतोय असं वाटतं. तिथेच म्हातारा गाडीत अंगावरचे कपडे काढतो, ते मात्र कल्पनेतलं नाही, कडाक्याच्या थंडीत शरीर गोठायला लागलं की काही माणसांना शेवटी उलट उकडायला लागतं आणि ते कपडे काढून टाकतात, हे वैद्यकशास्त्राला माहीत असलेलं आहे. म्हणजे त्या अतर्क्य दिसणाऱ्या सीनखाली एक अगदी खरी, शारीरिक गोष्ट चालू आहे, माणूस बर्फात मरतोय. शीर्षकाचा दुसरा अर्थ तिथे येऊन ठेपतो. हा भाग बघताना कोणाला जड गेलं, स्वतःबद्दल तसले विचार आले, तर विश्लेषण बाजूला ठेवा आणि जवळच्या माणसाला फोन करा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतूनही बोलता येतं.

स्टेजवर जेकला पुरस्कार मिळतो, तो भाषण करतो, आणि ते भाषणही त्याचं नाही, एका गणितज्ञावरच्या २००१ च्या गाजलेल्या सिनेमातल्या नोबेलच्या भाषणावरून उचललेलं आहे. तोपर्यंत तुमच्या वहीची उजवी बाजू इतकी भरलेली असेल की हे सांगायची गरज पडणार नाही. प्रेक्षकात बसलेले सगळे त्याच्या आयुष्यातलेच, तोंडाला नाटकातला म्हातारपणाचा मेकअप, टाळ्या वाजवतायत. इथे उधारीचा मुद्दा परत सांगत बसू नका, टाळ्यांच्या वेळी जेक झालेल्या जेसी प्लेमन्सचा चेहरा बघा, तो खूश झालाय. खरंच खूश झालाय.

आणि मग सकाळ. निळं आभाळ, शाळेच्या आवारात बर्फाखाली पूर्ण गाडला गेलेला ट्रक, त्यावर क्रेडिट्स. नेटफ्लिक्स इथे कोपऱ्यात दुसरं काहीतरी सुचवायला लागतं आणि चित्र बारीक होतं, पटकन क्लिक करून ते परत मोठं करा, आणि शेवटचं नाव वर जाईपर्यंत आवाज चालू ठेवून त्या बर्फाच्या ढिगाकडे बघत राहा.